झाड शेंड्याकडून वाळतंय? आधी बुंध्यापाशी बसा

घराजवळचं झाड वरून वाळायला लागलं की आपण मान वर करून बघत राहतो. औषध कोणतं मारायचं, कोणती फांदी काढायची, तोडायला माणूस कुठून आणायचा, हे सगळे प्रश्न वर बघूनच पडतात. मीही पूर्वी तसाच बघायचो. ओळखीपाळखीच्यांच्या अंगणात, परसात हाच बिघाड इतक्यांदा निस्तरला आहे की आता शेंडा मी सगळ्यात शेवटी बघतो. दुखणं बहुतेक वेळा गुडघ्याच्या खाली असतं. शेतकरी याला शेंडेमर किंवा फांदीमर म्हणतात. पण ते लक्षणाचं नाव झालं, कारणाचं नव्हे.

लक्षणं

सगळ्यात वरच्या आणि बाहेरच्या डहाळ्यांना पालवी फुटत नाही, किंवा फुटते आणि महिन्याभरात सुकते. पानं दरवर्षीपेक्षा लहान, फिकट आणि विरळ येतात. कडा करपतात. काही झाडं याच काळात अवेळी भरमसाट फुलतात किंवा फळं धरतात, आणि घरचे खूश होतात. खूश होऊ नका. पुढे जाड फांद्यांवर नाहीतर थेट खोडावर कोवळ्या फुटींचे झुबके निघतात. वरचा पसारा झेपेनासा झाला की झाड खालीच नवी पानं लावून पोट भरायला बघतं.

वाळणं सगळीकडून सारखं आहे की एकाच बाजूला, हे आत्ताच बघून ठेवा. एकाच बाजूला असेल तर त्या बाजूच्या मुळांना किंवा खोडाच्या त्या अंगाला काहीतरी झालंय, असा माझा पहिला संशय असतो.

आतल्या, सावलीतल्या बारीक काड्या वाळून गळतात ते मात्र दुखणं नव्हे. ऊन न मिळणाऱ्या काड्यांना झाड स्वतःच सोडून देतं. पानगळीच्या हंगामात उघडं पडलेलं झाडही आजारी नसतं. नारळ, सुपारी, ताड यांना पुढचं काहीच लागू नाही. त्यांना वाढणारा कोंब एकच असतो. तो गेला की झाड गेलं, त्यामुळे तिथे घरगुती प्रयोगात वेळ न घालवता जाणकार बोलवा.

१. नखाने साल खरवडा

याला पैसे लागत नाहीत, वेळ दोन मिनिटं. वाळल्यासारख्या डहाळीच्या टोकाजवळ नखाने साल जराशी खरवडा. खाली ओलसर हिरवा पापुद्रा दिसला तर ती जिवंत आहे. तपकिरी, कोरडं दिसलं तर टोक गेलं. मग वीतभर खाली या आणि पुन्हा खरवडा. हिरवं जिथे लागेल तिथे सुतळी सैल बांधून खूण करा. हाताला येणाऱ्या चार-पाच फांद्यांवर हेच करा आणि एका ठरावीक जागेवरून झाडाचा फोटो काढून ठेवा.

ही खूण पुढे फार उपयोगी पडते. वाळणं थांबलंय की खाली उतरतंय हे नुसत्या डोळ्यांनी कळत नाही. घरातल्या चार माणसांची चार मतं असतात. सुतळी खोटं बोलत नाही.

२. गेल्या तीन-चार वर्षांत आजूबाजूला काय काय झालं ते आठवा

माणसं हमखास सांगतात, "काहीच केलेलं नाही हो." एकदा असंच ऐकून मी एका आंब्याभोवती चक्कर मारली. फाटकापासून घरापर्यंतच्या फरशा बाकीच्या अंगणापेक्षा नव्या दिसत होत्या आणि नेमकी त्याच बाजूची फांदी वाळली होती. विचारलं, तर उत्तर आलं, "ते होय? त्याला तर दोन वर्षं झाली. पाइप टाकला होता तेव्हा."

झाडाच्या खोडात आणि मुळांत साठवलेलं अन्न असतं. मुळं तुटली तरी त्या शिदोरीवर ते एखाद-दोन हंगाम, कधी त्याहून जास्त काळ काढतं. म्हणून मुळांना झालेली इजा शेंड्यावर दिसायला वर्षं लागतात आणि तोवर खोदकाम सगळे विसरलेले असतात. पाइप, पाया, चर, फरशी, सिमेंटचा कोबा, भराव, राडारोडा, गवतावर मारलेलं तणनाशक, पाण्याची बदललेली सोय, जे आठवेल ते कागदावर लिहा. पुढे जाणकाराला बोलवावं लागलं तर पहिल्यांदा हा कागद त्याच्या हातात द्या.

३. बुंधा उघडा करून बघा

निम्मी प्रकरणं मला इथेच सापडली आहेत, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

निरोगी झाडाचा बुंधा जमिनीला टेकताना रुंद होतो. पायघोळ परकराच्या घेरासारखा तो पसरतो आणि त्यातून जाड मुळं बाहेर निघताना दिसतात. तुमचं झाड विजेच्या खांबासारखं सरळ जमिनीत घुसलेलं दिसत असेल, तर त्याच्या गळ्यापर्यंत माती चढली आहे. बाग सारखी करताना, लाल माती आणून टाकताना, दरवर्षी खताची पाटी बुंध्याशी ओतताना ती चढत जाते. कित्येकदा रोप लावतानाच खोल गाडलेलं असतं.

खोडाची साल हवेत राहण्यासाठी असते. ओल्या मातीत ती वर्षानुवर्षं दबली की कुजते. शिवाय मुळांना श्वास घ्यायला हवा लागते आणि जाड भरावाखाली ती पोचत नाही.

खुरपं घ्या. कुदळ, पहार, टिकाव लांब ठेवा. खोडाला चिकटून हळूहळू माती काढा, शेवटी हातानेच काढा. माती घट्ट असेल तर पाइपने थोडं पाणी सोडा. पहिली जाड मुळं दिसली की थांबा. सालीला एक ओरखडाही पडता कामा नये.

मातीखाली काय निघेल याचा नेम नसतो. रोपवाटिकेची काळी पिशवी निघाली आहे, मुळांसकट तशीच पुरलेली. आधाराच्या काठीला बांधलेली नायलॉनची दोरी निघाली आहे, काठी कधीच कुजून गेलेली. एका लिंबाच्या बुंध्याला बोटभर खोल खाच होती आणि तिच्या वर खोड सुजल्यासारखं फुगलं होतं. खुरप्याचं टोक खाचेत घातलं तर खण्‌ असा आवाज आला. कुंपणाची तार. रोप करंगळीएवढं असताना कुणीतरी गुंडाळली होती. झाड जाड झालं, तार तेवढीच राहिली.

तार बुंध्याला आणि वाळतो शेंडा, हे विचित्र वाटेल. पानांत तयार झालेलं अन्न सालीच्या लगेच आतल्या थरातून खाली मुळांकडे उतरतं. पाणी त्याच्याही आतल्या लाकडातून वर चढतं. तार किंवा दोरी आधी सालीचा रस्ता आवळते, त्यामुळे पहिल्यांदा मुळं उपाशी राहतात. उपाशी मुळं पाणी कमी ओढतात आणि जिथे पाणी पोचायला सगळ्यात अवघड, तो शेंडा पहिल्यांदा वाळतो. पिशवीत किंवा कुंडीत गोल गोल फिरलेलं मूळ खोडाभोवती वळसा घालून बसलं, तरी हेच घडतं.

तार तीन-चार ठिकाणी पक्कडीने तोडा. सहज सुटेल तेवढीच ओढा. लाकडात रुतलेला तुकडा तिथेच राहू द्या, उकरून काढायला गेलात तर जास्त नुकसान होईल. वळसा घातलेलं मूळ अंगठ्यापेक्षा बारीक असेल तर स्वच्छ सिकेटरने (फांद्या छाटायच्या कात्रीने) कापून काढा. ते जाड असेल, खोडात रुतलं असेल किंवा असे दोन-तीन वळसे असतील तर हात लावू नका. तेच मूळ झाडाला धरून उभं असण्याची शक्यता असते.

उघडा केलेला बुंधा पुन्हा मातीने झाकायचा नाही. सहा महिन्यांनी कुणीतरी "खड्डा वाईट दिसतो" म्हणून बुजवतंच, त्यामुळे घरात सगळ्यांना आधीच सांगून ठेवा.

४. पाणी: कमी, जास्त की भलत्या जागी

सुकलेली पानं बघून माणूस पहिल्यांदा पाणी वाढवतो. पण पाणी साचून गुदमरलेली मुळं पाणी ओढूच शकत नाहीत, म्हणून जास्त पाण्याचं झाडही तहानलेल्यासारखंच दिसतं. पानांवरून ठरवू नका, माती बघा.

फांद्यांच्या घेराच्या कडेखाली वीतभर खोल खड्डा घ्या आणि तळाची माती मुठीत दाबा. गोळा होऊन पाणी सुटत असेल तर पाणी जास्त आहे. भुकटी होत असेल तर कमी आहे. तिला कुजका वास येत असेल तर हवा संपली आहे. मग तोच खड्डा ३० सेंटिमीटर खोल करून पाण्याने भरा, जिरू द्या आणि पुन्हा भरा. दुसऱ्यांदा भरलेलं पाणी दुसऱ्या दिवशीही तिथेच दिसलं तर निचरा नाही. अशा जागी पाणी घालणं थांबवणं आणि साचणाऱ्या पाण्याला वाट काढून देणं एवढंच आधी करा.

कमी पडत असेल तरी रोज बादलीभर पाणी बुंध्यावर ओतू नका. अन्नपाणी शोषणारी बारीक मुळं बहुतांशी वरच्या ३० ते ४५ सेंटिमीटर मातीत असतात आणि फांद्यांच्या घेराच्याही बाहेर पसरलेली असतात. बुंध्याशी ओतलेलं पाणी त्यांना फारसं मिळत नाही, उलट साल मात्र ओली राहते. संत्रा-मोसंबीवाले बांगडी पद्धतीचं आळं करतात, म्हणजे खोडाभोवती मातीचा एक उंचवटा आणि बाहेर पाण्याची गोल चारी. तीच युक्ती घरच्या झाडाला करा. पाणी कमी वेळा पण भरपूर द्या, त्या मुळांच्या खोलीपर्यंत भिजलं पाहिजे. दोन पाण्यांमध्ये वरचा थर वाळू द्या.

कपड्यांच्या मशीनचं किंवा पाणी शुद्ध करणाऱ्या यंत्राचं टाकाऊ पाणी झाडाला जातंय का तेही बघा. त्यातले क्षार साठत जातात. पानांच्या कडा टोकापासून तपकिरी होत असतील तर माझी नजर आधी त्या नळीकडे जाते.

आणि खत? आत्ता नको. आजारी झाडाच्या बुंध्याशी युरिया टाकणं म्हणजे तापात फणफणलेल्या माणसाला पंगतीला बसवणं. उरलीसुरली मुळंही त्याने भाजतात.

५. माती दगडासारखी झाली आहे का

लांब स्क्रूड्रायव्हर ओलसर मातीत हाताने दाबून बघा. वीतभर सहज गेला तर ठीक. दोन बोटांवर अडकला तर माती आवळली आहे. गाडी लावणं, रोजची ये-जा, बांधकामाचं सामान ठेवणं, यातलं काही ना काही तिथे झालेलं असतं. हवा आणि पाणी दोन्ही आत जात नाही.

जमेल तेवढी फरशी-कोबा मागे सरकवा. एकदम सगळा नाही जमला तरी हरकत नाही. मोकळ्या मातीवर पालापाचोळ्याचं ५ ते १० सेंटिमीटर आच्छादन पसरा, खोडापासून वीतभर जागा सोडून. झाडाचा गळलेला पाला रोज झाडून जाळणाऱ्यांना विनंती, तो तिथेच पडू द्या. खणून माती भुसभुशीत करायला मात्र जाऊ नका, वरच्या थरातच ती बारीक मुळं आहेत.

६. खोड, साल आणि फांद्या जवळून बघा

इथवर काही सापडलं नाही तर आता किडीकडे वळा. खोडावर छिद्रं आणि खाली लाकडाचा ताजा भुसा पडलेला असेल तर आत भिरूड, म्हणजे खोड पोखरणारी अळी आहे. एखाद-दुसरं छिद्र असेल तर टोकाला आकडा केलेली तार आत सरकवून अळी ओढून काढता येते. अनेक छिद्रं असतील तर ते घरचं काम नाही.

लिंबूवर्गीय झाडाच्या बुंध्यावर साल तडकून डिंक वाहत असेल तर तो डिंक्या. त्याचं मूळ पुन्हा ओल्या बुंध्यातच असतं. सैल झालेली कुजकी साल धारदार चाकूने हलकेच काढून तिथे बोर्डो पेस्ट लावा. प्रमाण सोपं आहे: १ किलो मोरचूद (कॉपर सल्फेट), १ किलो चुना, १० लिटर पाणी. घरच्या एखाद्या झाडाला १०० ग्रॅम, १०० ग्रॅम आणि १ लिटर पुरतं. प्लास्टिकच्या दोन बादल्यांत दोन्ही वेगवेगळं भिजवून मग एकत्र करा, लोखंडी भांडं नको. त्यात लोखंडी पातं थोडा वेळ बुडवून बघा. त्यावर तांबूस थर चढला तर चुना कमी पडलाय, आणखी घाला.

वाळवीच्या मातीच्या वाटा दिसल्या की घरात हाहाकार उडतो. पुष्कळदा ती वरची मेलेली सालच खात असते. वाट पुसा आणि खालची साल खरवडा. हिरवी लागली तर घाबरायचं कारण नाही. बांडगूळ मात्र जिथे चिकटलंय त्याच्या बरंच खालून फांदीसकट कापा. नुसतं ओरबाडून काढलं तर परत येतं.

बुंध्याशी किंवा वर आलेल्या मुळांवर लाकडासारखी कडक छत्री उगवलेली दिसली तर तपासणी तिथेच संपली. आतलं लाकूड किंवा मुळं कुजत असल्याची ती खूण आहे. झाड वरून हिरवंगार असलं तरी.

७. सल काढणं

वाळलेल्या फांद्या काढायला विदर्भातले संत्रावाले सल काढणं म्हणतात. हे काम शेवटचं ठेवलं, कारण मेलेली फांदी काढून झाड बरं होत नाही, फक्त धोका आणि कीड-बुरशीचा आसरा कमी होतो.

जमिनीवर उभं राहून हात पोचेल तेवढंच घरी करा. शिडी, गच्चीचा कठडा, कंपाउंडची भिंत यावर चढून करवत चालवायची नाही. मनगटाएवढी फांदी तीन कापांत काढा. पहिला काप खोडापासून फूटभर अंतरावर खालून, अर्ध्यापर्यंत. दुसरा त्याच्या थोडा पुढे वरून, म्हणजे फांदी तुटताना खोडाची साल सोलत नेणार नाही. तिसऱ्याने उरलेलं खुंट काढा. फांदी जिथे खोडाला मिळते तिथे सालीची फुगीर कड असते. काप त्या कडेच्या लगेच बाहेर हवा. कड कापायची नाही आणि लांब खुंटही ठेवायचं नाही. जखम बुजवणारी साल त्या कडेतूनच येते.

कापावर डांबर, ऑइलपेंट, शेण काही नको. अमेरिकेच्या वन विभागातले संशोधक अ‍ॅलेक्स शायगो यांनी असंख्य झाडं उभी चिरून बघितली आणि १९७० च्या दशकात मांडलं की झाड जखम भरून काढत नाही, ती आतून भिंती घालून बंदिस्त करतं. लेपाने कुजणं थांबत नाही. फळबागांत कापावर बोर्डो पेस्ट लावतात ती बुरशी रोखायला. आंबा, लिंबू अशा झाडांना मीही लावतो, बाकीच्यांना नाही.

इथे थांबा, जाणकाराला बोलवा

झाड आधी सरळ होतं आणि आता कललंय. कललेल्या बाजूच्या उलट बाजूची जमीन उचलली आहे किंवा तिला भेगा पडल्या आहेत. ही दोन लक्षणं दिसली तर त्या झाडाखालची ये-जा आजच बंद करा, फोन नंतर. खोडाला उभी भेग, मोठी ढोली, बुंध्यावर कडक छत्री, घरावर किंवा रस्त्यावर लोंबणारी वाळलेली जाड फांदी, पाव झाडापेक्षा जास्त भाग वाळलेला, यातलं काहीही असेल तर पुढचं काम तुमचं नाही आणि माझंही नाही. विजेच्या तारेजवळ फांदी असेल तर झाड कापणाऱ्यालाही आधी बोलवू नका. आधी वीज कंपनीला कळवा आणि ओल्या बांबूने फांदी ढकलून बघणाऱ्याला घरात बसवा.

बोलवायचं कुणाला? झाड कापणारा आणि झाड सांभाळणारा ही दोन वेगळी माणसं असू शकतात. इंटरनॅशनल सोसायटी ऑफ आर्बोरिकल्चर ही १९२४ साली सुरू झालेली संस्था परीक्षा घेऊन वृक्षतज्ज्ञांना प्रमाणपत्र देते. असा माणूस मिळाला तर उत्तमच, नाहीतर आधी केलेल्या कामाची दोन झाडं दाखवायला सांगा, शक्यतो दोन वर्षांपूर्वीची. काल कापलेलं झाड सगळ्यांचंच चांगलं दिसतं.

"शेंडा उडवून टाकतो, मग चांगलं फुटेल" असं म्हणणाऱ्याला चहा पाजून परत पाठवा. शेंडा उडवला की झाडाची पानं, म्हणजे अन्न, एकदम जातं. मोठ्या कापांतून कुजणं आत शिरतं आणि जी दाट फूट येते तिची पकड कच्ची असते, ती वाऱ्यात मोडते. एका हंगामात पाव हिश्श्यापेक्षा जास्त जिवंत पाला काढू देऊ नका. आजारी झाडाचा तर शक्य तितका कमी. चढण्यासाठी बुटाला खिळे लावणार का, हेही विचारा. झाड ठेवायचं असेल तर खिळे नकोत, प्रत्येक पावलाची जखम राहते. कोणत्या फांद्या काढणार, कुठून कापणार, ओंडके आणि पाला कोण उचलणार, माणूस पडला किंवा छप्पर फुटलं तर विमा कुणाचा, झाडाला हात लावायला परवानगी लागत असेल तर ती कोण काढणार, हे सगळं कागदावर घ्या. मगच आगाऊ रकमेचं बोला.

त्यानंतर

लगेच काही दिसणार नाही. तार काढलेल्या त्या लिंबाने पहिलं वर्ष नुसतं तग धरण्यात घालवलं, दुसऱ्या वर्षी पानं जरा मोठी आली आणि नीट पालवी तिसऱ्या वर्षी धरली. तोवर दर दोन महिन्यांनी सुतळीपाशी जाऊन खाली-वर खरवडा आणि त्याच जागेवरून फोटो काढा. हिरवं सुतळीपाशीच असेल तर काही करू नका. सुतळीच्याही खाली तपकिरी लागायला लागलं तर बुंध्यापासून पुन्हा एक फेरी मारा. दुसऱ्या फेरीतही काही सापडलं नाही, तर कागद आणि फोटो घेऊन जाणकाराकडे जा.